प्रवाळाचं भाडं कोण भरतं?

नोव्हेंबर ते मे या दिवसांत माणमधल्या कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये सोमवारी सकाळी जाऊन बसा. एक तरी टेबल असं सापडेलच, जिथे कोणाचा तरी मोबाईल हातोहात फिरतोय आणि त्यात पाण्याखालचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ चालू आहे. मास्क लावलेला चेहरा, वर आलेला अंगठा, भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि मागे एखादं हिंदी गाणं. माणूस बदलतो, व्हिडिओ तोच! आणि तो बघून झाल्यावर येणारा पहिला प्रश्नही तोच. "कितीला पडलं?"

काय पाहिलंस, असं कोणी विचारत नाही. कितीला पडलं, हेच विचारतात. मग ज्याने पाचशेचं साडेतीनशेला केलं तो त्या दिवसापुरता टेबलाचा हिरो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की मालवण-तारकर्लीचं स्नॉर्केलिंग आज जितकं स्वस्त आहे तितकं ते असायला नको. ते स्वस्त ठेवणारे आपणच आहोत, म्हणजे पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून लाँग वीकेंडला गाड्या काढून जाणारे लोक. ऐकायला विचित्र वाटेल. ज्याचे ईएमआय चालू आहेत असा माणूस "भाव वाढवा" म्हणतोय म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असावा. पण जरा थांबा, हिशोब मांडून दाखवतो.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. स्नॉर्केलिंग आणि स्कूबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे दोन्ही एकाच पॅकेजमध्ये कोंबल्यामुळे लोक गोंधळतात. स्कूबात पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जायचं. स्नॉर्केलिंगमध्ये पाण्यावरच पालथं तरंगायचं, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात एक वाकडी नळी, तिचं दुसरं टोक पाण्याच्या वर. अंगात लाईफ जॅकेट असल्यामुळे पोहता आलंच पाहिजे असं नाही. अवघड एकच गोष्ट असते. नाक बंद असतं आणि फक्त तोंडाने श्वास घ्यायचा असतो. जन्मभराची सवय दोन मिनिटांत मोडायची म्हणजे मेंदू बोंबा मारणारच. ती दोन मिनिटं गेली की मग मात्र मजा आहे. पाण्यातून काचेमार्गे मास्कमधल्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सगळं साधारण पाव हिश्शाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठं दिसतं. (म्हणून "एवढा मोठा मासा" सांगणाऱ्याला लगेच खोटारडा म्हणू नका.)

या जानेवारीत आम्ही टीममधले पाच जण गेलो होतो. माणहून कोल्हापूर, मग फोंडाघाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. पावणेचारशे-चारशे किलोमीटर, म्हणजे चहा-मिसळीसकट नऊ तास. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो तर पहिला भाव माणशी पाचशे. आमच्यातल्या एकाने तो साडेतीनशेवर आणला. सफर "हाफ डे" होती. तीन तासांतला बराचसा वेळ वाट बघण्यात, होडीत आणि कपडे बदलण्यात गेला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागे होडी थांबली आणि प्रत्येकाला पाण्यात मिळाली पंधरा मिनिटं. पाण्यात उतरल्यावर गाईडने हातातला पाव कुस्करून टाकला, मासे झेपावले, कॅमेरा चालला, अंगठा वर, झालं. पुढचा!

परत येताना मी गाईडला विचारलं, दादा, पाव कशाला टाकता? तो हसला. म्हणाला, "पाव टाकलो नाय तर मासो येणा नाय, आणि मासो दिसलो नाय तर पावण्याचो पैसो वसूल होणा नाय."

मला या वाक्यात सगळा धंदा दिसला. तो गाईड काही अडाणी नव्हता. प्रवाळ म्हणजे काय, कुठल्या खडकावर कुठला मासा राहतो, वारा कधी फिरतो, हे त्याला आपल्या कुठल्याही गुगलपेक्षा जास्त माहीत होतं. पण ते सांगायला त्याच्याकडे वेळ नव्हता, कारण मागे दुसरी बॅच उभी होती. साडेतीनशेत एवढंच बसतं.

आता आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. क्लायंट बिलिंग रेट कापतो तेव्हा काय होतं? कंपनी नफा सोडते का? ऑफिसचं भाडं कमी होतं का? कापलं जातं ते जे डेमोमध्ये दिसत नाही. टेस्टिंगचे दिवस जातात, डॉक्युमेंटेशन जातं, सीनियर माणूस जाऊन त्याच्या जागी फ्रेशर येतो. स्क्रीन तीच दिसते आणि क्लायंट खूश! होडीवरही हेच होतं. डिझेल तेवढंच लागतं, इंजिनाचा हप्ता तेवढाच असतो. भाव पाडला की कापली जाते ती पाण्यातली मिनिटं, गाईडची संख्या, उतरण्याआधीच्या सूचना आणि नांगर जपून टाकायला लागणारा वेळ. ज्या कापाकापीला आपण ऑफिसात शिव्या घालतो, तीच किनाऱ्यावर आपण क्लायंट होऊन करतो.

आणि या सगळ्यात ज्याच्या जिवावर धंदा चालतो तो प्रवाळ कुठल्याच हिशोबात नाही.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो प्राणी आहे. किंबहुना हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हातून अन्न बनवतं, त्याचा मोठा वाटा प्रवाळाला देतं, बदल्यात राहायला जागा घेतं. चक्क भाडेकरू! पोराइट्स नावाचा जो गोल गोळ्यासारखा वाढणारा प्रवाळ असतो, तो वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा दिसला तर तो किमान दहाएक वर्षांचा आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पहिल्या नोकरीपेक्षा जुना. आणि घाबरलेला माणूस आधार शोधताना नेमका त्याच्यावरच पाय देतो. त्याचा काही दोष नसतो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, की पाय खाली सोडू नकोस, आडवा राहा, दम लागला तर पाठीवर वळ.

पावाचंही तसंच. पोपटमाशासारखे मासे प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातात, म्हणून नव्या प्रवाळाला बसायला जागा मिळते. त्या माशांना रोज आयता पाव मिळायला लागला तर खडक साफ कोण करणार? शिवाय पावाला धावून येणारे धीट मासे वाढतात आणि लाजाळू मासे बाजूला पडतात. म्हणजे पंचवीस व्हिडिओंत तेच पट्टेवाले मासे दिसतात हा योगायोग नाही.

थोडा इतिहासही सांगायला हवा, नाहीतर हे नुसतं शहरी पोराचं पर्यावरण-प्रवचन होईल. मालवणचा हा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. पद्मगड आणि सिंधुदुर्गाच्या आसपासचा साधारण तीन चौरस किलोमीटरचा भाग हा त्याचा गाभा. मच्छिमारांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी होती. पिढ्यानपिढ्या जिथे रापण ओढली, जाळी टाकली, तिथे उद्या वनखात्याचा माणूस येऊन "बंद" म्हणेल ही भीती. प्रवाळ वाचणार आणि आपण बुडणार, असं त्यांना वाटलं.

पुढे २००० नंतरच्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी आणि एमटीडीसी यांच्या पुढाकाराने स्थानिक मच्छिमार तरुणांना स्नॉर्केलिंग गाईड म्हणून तयार करायला सुरुवात झाली. नंतर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही उभी राहिली. ही कल्पना मला आजही भन्नाट वाटते. ज्या प्रवाळामुळे पोट जाईल अशी भीती होती, त्याच प्रवाळावर पोट चालू लागलं. जिवंत प्रवाळ हा मेलेल्या प्रवाळापेक्षा फायद्याचा, हे भाषणातून सांगण्यापेक्षा खिशातून पटलेलं चांगलं.

पण या कल्पनेत एक अट लपलेली आहे. प्रवाळ चांगला असेल तर जास्त पैसे मिळाले पाहिजेत. गर्दी जास्त असेल तर जास्त पैसे, असं झालं की मामला उलटा फिरतो. मग चांगला गाईड आणि वाईट गाईड यांना एकच भाव, जपणारा आणि तुडवणारा यांना एकच भाव. मग जपायचं कोणी आणि कशासाठी?

आता जिवाचा मुद्दा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा करून परत आणणारी होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या अपघाताची कारणं सांगायचा मला अधिकार नाही. पण तारीख बघा. मे महिन्याचा शेवट, म्हणजे पावसाळा तोंडावर आलेला आणि समुद्र फिरायला लागलेला. याच काळात आपण सुट्टी संपायच्या आत "उरकून घेऊ" म्हणून तिथे सगळ्यात जास्त गर्दी करतो. वारा वाढला म्हणून "आज नाही जमणार" असं सांगणाऱ्या होडीवाल्याशी हुज्जत घालणारे, चारशे किलोमीटर गाडी चालवून आलोय म्हणून आवाज चढवणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. "नाही" म्हणणारा होडीवाला हा त्या किनाऱ्यावरचा सगळ्यात भरवशाचा माणूस असतो, आणि आपण त्याला सोडून "हो" म्हणणाऱ्याकडे जातो.

यावर मित्रांनी घातलेले वाद प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला वाद असा. भाव वाढला तर कॉलेजच्या पोरांनी, साध्या घरातल्यांनी समुद्र बघायचाच नाही का? मुद्दा बरोबर आहे. पण तो मांडणारा माझा मित्र त्या दिवशी संध्याकाळी सुरमईच्या थाळीला एक शब्द न बोलता साडेसहाशे देऊन आला होता :) पोरांसाठी, स्थानिक शाळांसाठी वेगळा दर ठेवता येतो. आपण ज्या दरासाठी भांडतो तो गरिबांसाठी नसतो, सोमवारच्या टेबलासाठी असतो.

दुसरा वाद जास्त जड आहे. समुद्रच तापतोय, मग माझ्या पायाने काय फरक पडतो? पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं, तर प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा चौथ्या मोठ्या घटनेची घोषणा केली. त्यापुढे एक लाथ म्हणजे किस झाड की पत्ती! पण पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी थंड झालं आणि अंगात ताकद उरली असेल तर तो सावरतो. तापातून उठणाऱ्या माणसाला आपण धक्काबुक्की करत नाही, तसंच हे. जगाचं तापमान माणच्या ऑफिसात बसून कमी होणार नाही, पण पाय कुठे ठेवायचा हे माझ्या हातात आहे. म्हणजे, पायात आहे.

तिसरा वाद म्हणजे, ट्रॉलर आणि पर्ससीनवाले जास्त नुकसान करतात, त्यांना बोला की! बोलायलाच हवं. मालवणचे पारंपरिक मच्छिमार कित्येक वर्षं तेच बोलत आहेत आणि आपण ते ऐकायला हवं. पण दुसरा जास्त घाण करतो म्हणून आपण थोडी केली तर चालते, हा युक्तिवाद आपण लहान भावंडाकडूनही ऐकून घेत नाही.

मग करायचं काय? जगात याची उत्तरं शोधलेली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर १९९३ पासून सफरीला जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकामागे एक वेगळं शुल्क घेतलं जातं, आणि ते त्या सागरी उद्यानाच्या देखभालीला जातं. तीन तासांपेक्षा छोट्या सफरीला ते निम्मं असतं. म्हणजे "हाफ डे"चा विचारही त्यांनी केलाय! थायलंडने तर २०१८ च्या जूनमध्ये माया बे ही आपली सगळ्यात प्रसिद्ध खाडी सरळ बंद केली, कारण होड्या आणि माणसांनी तिथल्या प्रवाळाची वाट लावली होती. ती २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडली तेव्हा होड्यांना खाडीत यायला बंदी आणि माणसांची संख्या मोजून. बंद ठेवायची किंमत त्यांना परवडली. आपल्याकडे मालवण साडेतीन वर्षं बंद ठेवायचं म्हटलं तर किती चुली विझतील? म्हणून ती वेळ येण्याआधीच सावरायला हवं.

मला सुचतं ते असं. तिकिटावर प्रवाळासाठी एक वेगळी ओळ असावी, माणशी शंभर रुपये म्हणा, आणि तो पैसा तिथेच, गाईड आणि मच्छिमारांच्याच संस्थेमार्फत खर्च व्हावा. त्यातून कायमचे बोये बसवता येतील. होडी बोयाला बांधली की नांगर टाकायचा प्रश्नच मिटतो. एका जागी एका वेळी किती माणसं पाण्यात असावीत याचा आकडा ठरावा आणि वेळेचा स्लॉट आधी घ्यावा लागावा. आपण फुटबॉलच्या टर्फला स्लॉट घेतो, सलूनला घेतो, इथेच का नको? किनाऱ्यावर गर्दी वाढणार हे तर नक्की आहे. २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्यात सिंधुदुर्ग आहे. किल्ल्याचे दगड साडेतीनशे वर्षं लाटा खात उभे आहेत, ते गर्दीही सोसतील. त्यांच्या पायाशी असलेल्या प्रवाळाचं तसं नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातातलं सांगतो.

लाँग वीकेंड बघून तारीख ठरवता तशी तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त, गाळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी संथ आणि बरेचदा जास्त स्वच्छ. (घरात कालनिर्णय असतंच, या निमित्ताने उघडा.) सकाळचीच वेळ घ्या, दुपारनंतर वारा सुटतो. डिसेंबर ते फेब्रुवारी जमवा, मे अखेरचा हट्ट सोडा.

सनस्क्रीन फासून पाण्यात उतरण्यापेक्षा फुल बाह्यांचा टी-शर्ट घाला. कंपनीने फुकट वाटलेला असेलच एखादा. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात या कारणावरून हवाईमध्ये २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे.

होडी ठरवताना भावाच्या आधी चार प्रश्न विचारा. होडीत माणसं किती? पाण्यात एका गाईडमागे किती? लाईफ जॅकेट किनाऱ्यावरच घालायला देणार का? नांगर कुठे टाकता? ज्याला या प्रश्नांचा राग येईल त्याची होडी सोडा. जो नीट उत्तरं देईल त्याच्याशी घासाघीस करू नका, उलट म्हणा, दादा, दोन माणसं कमी घ्या, आमच्याकडून शंभर जास्त घ्या, पण अर्धा तास पाण्यात ठेवा आणि काय दिसतंय ते सांगा. तो सांगतो हो. त्याला सांगायचंच असतं. त्याच्या बापाने त्याच पाण्यात जाळी टाकलेली असतात.

आणि पाव टाकायला निघाला तर नको म्हणा. मासे कमी येतील, व्हिडिओ कदाचित चांगला येणार नाही, नुसता तपकिरी खडक आणि दूरवर एखादी शेपटी दिसेल. तरीही वर आल्यावर ठरलेले पैसे हसत पूर्ण द्या. मासा दिसला नाही तरी पावण्याचा पैसा वसूल झाला, हे त्या गाईडला एकदा तरी कोणीतरी दाखवायला हवं.